निवाडा प्रिंटर करतो

डेबियन लिनक्स उतरवून घ्यायला गेलेला नवखा माणूस परवापरवापर्यंत पहिल्याच पायरीवर अडखळायचा. ऑपरेटिंग सिस्टिम एकच, पण समोर फाइली अनेक: एएमडी६४, आय३८६, एआरएम६४. त्याच्या लॅपटॉपवर स्टिकर इंटेलचा. म्हणजे एएमडीची फाइल आपली नव्हे, असा सरळ हिशेब करून तो आय३८६ उचलायचा. 'आय' म्हणजे इंटेलच असणार! धडधाकट ६४ बिटच्या यंत्रावर तो ३२ बिटची सिस्टिम चढवायचा आणि मग क्रोम का बसत नाही म्हणून मित्रांना फोन करत सुटायचा. गूगलने ३२ बिट लिनक्ससाठी क्रोम देणं २०१६च्या मार्चमध्येच बंद केलं होतं.

त्याला हवी होती एएमडी६४च. इंटेलच्या यंत्रालाही तीच लागते. प्रतिस्पर्ध्याचं नाव इंटेलच्या यंत्रांना कसं चिकटलं, ही संगणकाच्या इतिहासातली मला सगळ्यात आवडणारी फजिती आहे.

इंटेलचा ८०८६ हा १६ बिटचा प्रोसेसर १९७८ साली आला, ३२ बिटचा ८०३८६ ऑक्टोबर १९८५मध्ये. आय३८६ हे नाव याच ८०३८६चं. या घराण्याची एक रीत होती: नवा प्रोसेसर कितीही पुढे गेला तरी आधीच्या पिढीचे प्रोग्राम तो मुकाट्याने चालवायचा. ६४ बिटवर जायची वेळ आली तेव्हा इंटेलने ही रीत मोडायचं ठरवलं. ह्यूलेट-पॅकार्डला सोबत घेऊन कोऱ्या पाटीवर नवं आर्किटेक्चर आखलं आणि २००१ साली इटेनियम बाजारात आणला. अभियंत्यांच्या नजरेतून रचना देखणी होती. अडचण एवढीच की जगात तोवर लिहिले गेलेले लाखो प्रोग्राम त्यावर रखडत रखडत चालायचे. एएमडीने उलटा विचार केला. जुनाच हुकूमसंच घेतला, त्याला ६४ बिटपर्यंत ताण दिला आणि एप्रिल २००३मध्ये ऑप्टेरॉन काढला. यावर नवे ६४ बिटचे प्रोग्राम चालायचेच, पण कालचे ३२ बिटचेही पूर्ण वेगाने पळायचे. गिऱ्हाइकाने कौल दिला. फेब्रुवारी २००४मध्ये इंटेलने स्वतःच्या प्रोसेसरांत एएमडीचा हाच विस्तार घेत असल्याचं जाहीर केलं. डेबियनने शोधकर्त्याचं नाव ठेवलं म्हणून एएमडी६४. मायक्रोसॉफ्ट त्यालाच एक्स६४ म्हणते, फेडोरा लिनक्स एक्स८६_६४ म्हणते. इटेनियम मोठ्या सर्व्हरांत तग धरून राहिला. इंटेलने जुलै २०२१मध्ये त्याची शेवटची पाठवणी केली आणि जानेवारी २०२४मध्ये आलेल्या लिनक्स ६.७मधून त्याचा आधार काढून टाकला गेला.

अब्जावधी डॉलरांच्या या शर्यतीचा निकाल जुन्या प्रोग्रामांनी लावला. घरातल्या किंवा दुकानातल्या एका संगणकावर कोणती आवृत्ती घालायची, याचाही निकाल बहुधा तेच लावतात. विकत घेताना आपण विचारतो प्रोसेसरला, आणि प्रोसेसर बहुतेक वेळा 'हो' म्हणतो. नकार येतो तो कोपऱ्यातल्या प्रिंटरकडून.

आधी आर्किटेक्चर म्हणजे काय ते उरकून घेऊ. प्रोसेसरला कळणाऱ्या हुकमांची यादी, ते हुकूम लिहायची पद्धत आणि एका दमात तो किती लांबीचा आकडा हाताळतो, या सगळ्याचा मिळून एक करार असतो. तो म्हणजे आर्किटेक्चर. प्रोग्रामर सी किंवा फोरट्रानमध्ये लिहितो, कंपायलर ते यंत्राच्या भाषेत उतरवतो, आणि त्या क्षणी तो प्रोग्राम एका कराराला बांधला जातो. ऑपरेटिंग सिस्टिम हाही शेवटी एक मोठा प्रोग्रामच. म्हणून तिची प्रत प्रत्येक करारासाठी वेगळी तयार करावी लागते.

बिट जास्त म्हणजे वेग जास्त, हा दुकानदारांनी पसरवलेला समज अर्धवट आहे. बिटांचा पहिला संबंध पत्त्यांशी. समजा, सिडकोने नवी मुंबईतल्या एखाद्या वसाहतीच्या अर्जावर भूखंड क्रमांकासाठी दोनच चौकटी छापल्या. मग ०० ते ९९ असे शंभरच भूखंड लिहिता येणार. पलीकडे खाडीपर्यंत जमीन मोकळी पडलेली का असेना. ३२ बिटच्या पत्त्यात ४,२९,४९,६७,२९६ बाइट मावतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. शिवाय उद्यान, शाळा, सबस्टेशन यांना भूखंड राखून ठेवावेत तसे यातले काही पत्ते ग्राफिक्स कार्ड आणि इतर जोडण्यांसाठी राखीव असतात. त्यामुळे ४ जीबी रॅम बसवूनही ३२ बिटची विंडोज वापरण्याजोगी रॅम सव्वातीन-साडेतीन जीबीच दाखवते, आणि गिऱ्हाईक 'रॅम डुप्लिकेट दिली' म्हणून भांडायला येतं.

ही हद्द ओलांडायची सोय १९९५च्या पेंटियम प्रोपासून प्रोसेसरात होती. ६४ जीबीपर्यंत जाता यायचं. लिनक्सने ती वापरली, सर्व्हरसाठीच्या विंडोजनेही वापरली. घरगुती विंडोजला मात्र मायक्रोसॉफ्टने ४ जीबीवर रोखून धरलं, कारण वरच्या पत्त्यांची सवय नसलेले बाहेरचे ड्रायव्हर कोलमडत होते. इथेही नडली ती जुनी वस्तूच. ६४ बिटच्या यंत्रांत ही अडचण संपली. सर्वसाधारण प्रोसेसर पत्त्यासाठी ४८ बिट वापरतो, तरी त्यातच २५६ टेराबाइट मावतात.

आता वाशीच्या एपीएमसी मार्केटात जाऊ. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि दाणाबंदर असे इथले पाच बाजार. गाळ्यात मागे पोटमाळ्यावर किंवा काचेच्या केबिनमध्ये दिवाणजी बसतात आणि त्यांच्यासमोर शेतकऱ्याची पट्टी छापली जाते: नाव, गाव, गोण्या, वजन, भाव, खाली हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं वजा आणि शेवटी हाती येणारी रक्कम. पट्टी तीन प्रतींची, मध्ये कार्बन. त्यामुळे लेझर प्रिंटर इथे निरुपयोगी. पिनांनी ठोकून छापणारा डॉट मॅट्रिक्सच हवा. आणि या पट्टीमागे अनेक ठिकाणी नव्वदच्या दशकात कुणीतरी फॉक्सप्रोत लिहून दिलेला डॉसचा प्रोग्राम असतो. निळा पडदा, पिवळी अक्षरं, माउसला हात लावायची गरज नाही. दिवाणजींची बोटं त्यावर इतकी बसलेली असतात की पहाटे गाड्या लागल्यावर ते पडद्याकडे न बघता पट्ट्या काढतात. हा प्रोग्राम बदला म्हणणाऱ्याने आधी त्यांच्या वेगाने एक पट्टी काढून दाखवावी.

मग एक दिवस जुना संगणक बसतो. नवा येतो, त्यात ६४ बिटची विंडोज. प्रोग्रामचं फोल्डर जसंच्या तसं उतरवलं जातं, आयकॉनवर दोनदा टिचकी मारली जाते, आणि हा प्रोग्राम तुमच्या पीसीवर चालू शकत नाही, अशा अर्थाचा एक रुक्ष निरोप पडद्यावर येतो. प्रोसेसर दसपट ताकदीचा, रॅम शंभरपट, आणि तीस वर्षांपूर्वी साध्या ४८६वर पळणारी पट्टी निघत नाही.

कारण विंडोजमध्ये मागे बघण्याची मुभा एका पायरीपुरतीच आहे. ३२ बिटची विंडोज ३२ बिटचे प्रोग्राम चालवते आणि एक पायरी खालचे १६ बिटचे व डॉसचेही. ६४ बिटची विंडोज ६४चे आणि ३२चे चालवते. त्याखाली उतरत नाही. डॉस सांभाळणारा तिच्या पोटातला भाग ६४ बिटच्या आवृत्तीत ठेवलेलाच नाही. ३२ बिटच्या प्रोग्रामांसाठी मात्र तिने एक वेगळं दालन राखलंय, आणि त्या दालनाच्या नावांत जो घोळ आहे तो बघण्यासारखा आहे. ६४ बिटच्या विंडोजमध्ये 'सिस्टिम३२' नावाच्या फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात आणि 'सिसवाउ६४' नावाच्या फोल्डरात ३२ बिटच्या! वेड्यांचा कारभार वाटतो. पण असंख्य प्रोग्रामांच्या आत 'सिस्टिम३२' हे नाव पक्कं लिहून ठेवलेलं होतं. ते ६४ बिटवर आणताना मोडू नयेत म्हणून नाव तसंच ठेवावं लागलं.

डॉसचा प्रोग्राम हे झालं ढळढळीत उदाहरण. त्याहून जास्त लोकांना चावा घेतो तो ड्रायव्हर. ३२ बिटचा साधा प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर पाहुण्यासारखा राहू शकतो, पण ड्रायव्हर पाहुणा नसतो. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसून काम करतो. तिथे करार एकच. ६४ बिटच्या कर्नलला ६४ बिटचाच ड्रायव्हर लागतो, आणि व्हिस्टापासून ६४ बिटच्या विंडोजने तो डिजिटल सही असलेला असावा अशी अट घातली. स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीने तो नवा ड्रायव्हर कधी लिहिलाच नसेल, तर स्कॅनर यांत्रिकदृष्ट्या ठणठणीत असूनही भंगारात जातो. डीटीपीवाल्याच्या जुन्या मराठी पॅकेजचं पॅरलल पोर्टात लावायचं हार्डवेअर लॉक, बॅनरवाल्याचा कटिंग प्लॉटर, पॅथॉलॉजीच्या यंत्राला जोडलेलं जुनं कार्ड, तुर्भे-महापे पट्ट्यातल्या वर्कशॉपात सीएनसी यंत्राशेजारी तग धरून असलेला विंडोज एक्सपीचा संगणक: या सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच. डॉट मॅट्रिक्सचं नशीब त्या मानाने बरं. साधा मजकूर छापण्यापुरता सर्वसाधारण ड्रायव्हर विंडोजमध्ये आयता असतो. पण डॉसचा प्रोग्राम छपाई पाठवतो एलपीटी१ या पोर्टवर आणि आजच्या संगणकाला तो पोर्टच नसतो. मग यूएसबी प्रिंटर शेअर करून 'नेट यूज' हुकमाने एलपीटी१ त्याच्याकडे वळवायचा, ही युक्ती दुरुस्तीवाल्यांना तोंडपाठ असते.

गाळेवाल्यापुढे मग काय उरतं? एके काळी उत्तर सोपं होतं: नव्या संगणकावरही ३२ बिटची विंडोज घाला. ६४ बिटचा एक्स८६ प्रोसेसर ती बिनबोभाट चालवायचा, आणि ३२ बिटच्या विंडोज १०मध्ये डॉसचा भाग मागितल्यावर बसवताही यायचा. पण विंडोज ११ ऑक्टोबर २०२१मध्ये आली ती फक्त ६४ बिटची, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ३२ बिटचा हा रस्ता आता इंटरनेट न जोडलेल्या, एका कामाला वाहून घेतलेल्या यंत्रापुरताच शहाणपणाचा आहे. दुसरा रस्ता म्हणजे ६४ बिटच्या सिस्टिमवर जुन्या संगणकाचं सोंग आणणारा प्रोग्राम. डॉसबॉक्स सगळ्यांना माहीत असतो, पण तो मुळात खेळांसाठी लिहिलेला. गाळ्यात दोन संगणकांवरून एकाच खातेवहीत नोंदी होत असतील तर त्याच्यावर विसंबू नये. धंद्याच्या प्रोग्रामांसाठी व्हीडॉससारखी साधनं मुद्दाम बनवलेली आहेत. किंवा व्हर्च्युअल मशीन घ्या आणि तिच्या आत ३२ बिटची जुनी विंडोज कोंडून ठेवा.

यात एक दिलाशाची गोष्ट आहे. फॉक्सप्रोचा डेटा डीबीएफ फाइलींत असतो आणि त्या लिब्रेऑफिसमध्येही उघडतात. नावं, उधारी, वर्षानुवर्षांचे भाव, सगळं वाचता येतं. अडकतो तो प्रोग्राम, कारण त्याची मूळ पीआरजी फाइल, म्हणजे माणसाने लिहिलेला सोर्स, लिहिणाऱ्याबरोबर गेलेली असते. २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम केला. पट्टीच्या हिशेबातली एक ओळ बदलायची. सोर्स हाताशी असेल तर तासाभराचं काम. नसेल तर पेनाने खाडाखोड. आर्किटेक्चर बदलतानाही फरक नेमका इथेच पडतो. ज्याच्याकडे सोर्स, तो नव्या करारासाठी प्रोग्राम पुन्हा घडवून घेतो. ज्याच्याकडे फक्त चालती फाइल, त्याला जुनं यंत्र नाहीतर त्याचं सोंग सांभाळत बसावं लागतं.

हीच गोष्ट महाराष्ट्रात फार मोठ्या मापावर घडून गेली आहे. खारघर स्टेशनसमोर सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचं केंद्र आहे. पण गोष्ट मूळ पुण्याच्या सी-डॅकची. १९८८ साली ती स्थापन झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० उभा राहिला. अमेरिकी महासंगणक मनासारखा मिळत नव्हता म्हणून देशात बनवला, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. त्याच्या पोटात काय होतं, ते सहसा कुणी सांगत नाही. त्यात होते ट्रान्सप्यूटर: ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे, एकमेकांना तारांनी थेट जोडता येतील असे खास प्रोसेसर. असे पुष्कळ जोडले की एक महासंगणक. कल्पना सुरेख, पण पुढची पिढी, टी९०००, रखडली आणि ट्रान्सप्यूटरचं घराणंच आटोपलं. आता पुढच्या परममध्ये काय घालायचं?

सी-डॅकने आधी इंटेलचा आय८६० आकडेमोडीसाठी जोडीला घेतला. मग परम ९०००मध्ये सनचा सुपरस्पार्क आला. १९९८च्या परम १००००मध्ये अल्ट्रास्पार्क आणि सोलारिस ही युनिक्स. २००३ साली बेंगळुरूला सुरू झालेल्या परम पद्ममध्ये आयबीएमचा पॉवर४ आणि त्याच्या सोबतीला एआयएक्स. २००८च्या परम युवामध्ये इंटेल झिऑन, म्हणजे तुमच्या-आमच्या लॅपटॉपचंच घराणं, आणि वर लिनक्स. वीस वर्षांच्या आत पाच आर्किटेक्चरं! दर वेळी ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, कंपायलर बदलले. हवामानाचे, रेणूंच्या हालचालींचे, भूगर्भातल्या तेलाचे प्रोग्राम मात्र टिकले. ते फोरट्रान आणि सीमध्ये होते, त्यांचा सोर्स शास्त्रज्ञांच्या हातात होता, आणि १९९४ साली एमपीआय हे प्रोसेसरांनी एकमेकांशी बोलण्याचं सर्वमान्य मानक ठरल्यावर तर एका परमवरचं काम दुसऱ्यावर नेणं आणखी सोपं झालं.

सोपं म्हणजे फुकट नव्हे. स्पार्क आणि पॉवर मोठ्या आकड्याचा वजनदार बाइट आधी लिहितात. इंटेल उलट, हलका बाइट आधी. पद्मवर जसाच्या तसा बायनरीत साठवलेला डेटा युवावर बाइटांची उलटापालट न करता वाचला तर तापमानाच्या जागी भलतेच आकडे मिळणार. प्रोग्राम हलवणाऱ्यांचा बराच वेळ अशा बारीकसारीक गोष्टींत जातो. याच सी-डॅकने 'औम' नावाचा ९६ गाभ्यांचा प्रोसेसर आखायला घेतलाय. तो एआरएम घराण्याचा आहे, म्हणजे पुन्हा एक नवा करार.

एआरएम हे नाव सुरुवातीच्या त्या तीन फाइलींतलं तिसरं. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत १९८५ साली त्याची पहिली चिप चालली. आज आपल्या खिशातला फोन बहुतेक त्याच्याच जोरावर चालतो, आणि फोनवर कुणी आवृत्ती निवडत बसत नाही. प्ले स्टोअरच यंत्र ओळखून योग्य तुकडा पाठवतं. या घरात शिरायचा इंटेलने प्रयत्न केला तो आपल्याच देशात: एप्रिल २०१२मध्ये लाव्हाने झोलो एक्स९०० हा इंटेल प्रोसेसरचा पहिला स्मार्टफोन भारतात आणला. फोन वाईट नव्हता. पण अँड्रॉइडची पुष्कळ अ‍ॅप एआरएमसाठी घडवलेली. ती भाषांतर करून चालवावी लागायची. चारच वर्षांत इंटेलने फोनच्या प्रोसेसरांतून काढता पाय घेतला. इटेनियमच्या वेळी एक्स८६चे जुने प्रोग्राम आडवे आले, इथे एआरएमची जुनी अ‍ॅप. गडी तोच, बाजू उलटी.

घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कातून कारभार हाकणाऱ्या जिओने ऑगस्ट २०२३मध्ये १६,४९९ रुपयांना जिओबुक विकायला काढलं, तेव्हा हा प्रश्न थेट मराठी घरांत पोचला. किलोभराहून हलकं यंत्र, आत मीडियाटेकचा एआरएम प्रोसेसर, वर अँड्रॉइडवर बेतलेली जिओओएस. दिसायला लॅपटॉप. पालकांनी वर्ग, व्हिडिओ, टायपिंग एवढ्यासाठी घेतलं तर काही बिघडत नाही. पण कॉमर्सच्या मुलाला त्यावर टॅली शिकायचं असेल, इंजिनिअरिंगच्या मुलीला ऑटोकॅड, तर विंडोजची ईएक्सई फाइल त्यावर उघडणार नाही. ऑपरेटिंग सिस्टिमही वेगळी आणि प्रोसेसरचा करारही वेगळा. लॅपटॉपच्या आकाराला भुलून घेणाऱ्यांची यात चूक म्हणवत नाही. खोक्यावर गाभे किती आणि जीबी किती ते ठळक छापतात. हे यंत्र काय चालवणार नाही, ते कोण छापेल?

ॲपलने नोव्हेंबर २०२०मध्ये मॅक एआरएमवर नेले ते मात्र भाषांतराची चोख सोय करून. रोझेटा २ इंटेलचे प्रोग्राम इतक्या सहज चालवते की अनेकांना बदल जाणवलाच नाही. २०२४पासून स्नॅपड्रॅगन एक्सचे विंडोज लॅपटॉप दुकानांत आहेत, तेही भाषांतर करतात. बॅटरी दिवसभर पुरते, यंत्र गार राहतं, मलाही त्यांचा मोह पडतो. पण भाषांतर होतं ते प्रोग्रामांचं, कर्नलमधल्या ड्रायव्हरचं नाही. ई-टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन, ऑफिसातला जुना प्रिंटर, आधारचं बोटांचे ठसे घेणारं यंत्र रोज वापरात असेल तर त्या प्रत्येकाचा एआरएम६४ ड्रायव्हर आहे का, ते पैसे मोजण्याआधी बघावं.

बाकी निवड आता खरोखर सोपी झालीय. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे 'सिस्टिम टाइप' या ओळीत दोन गोष्टी शेजारी लिहिलेल्या असतात: आत्ताची ऑपरेटिंग सिस्टिम किती बिटची आणि प्रोसेसर कोणत्या जातीचा. '३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर' असं दिसलं तर यंत्र क्षमतेपेक्षा खालच्या आवृत्तीवर चाललंय. मात्र ३२वरून ६४वर जिना चढून जाता येत नाही. डेटा बाहेर काढून नव्याने बसवावं लागतं. लिनक्सवर 'यूनेम' हुकूम विचारू नका, तो चालू कर्नलबद्दल सांगतो. 'एलएससीपीयू' विचारा, तो प्रोसेसरची खरी कुवत सांगतो. २ जीबी रॅमची जुनी यंत्रं हा एकच अवघड कोपरा. ६४ बिटमध्ये प्रत्येक पत्ता दुप्पट जागा खातो, म्हणून तिथे ३२ बिट हलकं वाटतं. दहा वर्षांपूर्वी मी अशा यंत्रावर डोळे झाकून ३२ बिट घालायला सांगितलं असतं. आज ब्राउझरच मिळेनासे झाल्यावर त्या हलकेपणाचा उपयोग काय? त्यात २०१४-१५च्या सुमाराचे स्वस्त अ‍ॅटमचे टॅब्लेट आणि छोटे लॅपटॉप ही आणखी वेगळी डोकेदुखी: प्रोसेसर ६४ बिटचा, पण यंत्र सुरू करणारं फर्मवेअर ३२ बिटचं. ६४ बिटची विंडोज त्यावर सुरूच होत नाही. डेबियन मात्र अशा जोडीला बसवून घेतं.

३२ बिटच्या युनिक्स-लिनक्सांना एक तारीखही ठरवून दिलेली आहे. १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद ते ३२ बिटच्या आकड्यात मोजत आले. तो आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१मध्ये जाऊन पडतं. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने यावर इलाज म्हणून ३२ बिटच्या एआरएम आवृत्त्यांचं घड्याळ ६४ बिटचं केलं. आय३८६चं मात्र मुद्दाम केलं नाही. त्याच डेबियनने आय३८६साठी स्वतंत्र कर्नल आणि इन्स्टॉलर देणंही बंद केलं. सुरुवातीच्या त्या नवख्याला आता चुकीची फाइल उचलायची सोयच उरलेली नाही. आय३८६ आता एएमडी६४च्या यंत्रावर बाजूला बसवायचं, तेही एवढ्यासाठीच की ज्यांचा सोर्स हरवलाय असे जुने प्रोग्राम चालावेत. त्यांच्या आतलं घड्याळ ३२ बिटचं. ते बदललं असतं तर नेमके तेच प्रोग्राम बंद पडले असते.